नारायण पेठेत नारायणपेठ मिळत नाही

अमरावतीची मावशी चार दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या पर्समध्ये एक यादी होती. यादीतलं पहिलं कलम होतं : 'नारायणपेठ – दोन. एक मोरपंखी, एक वांगी.' मावशीचा हिशेब अगदी सरळ होता. पैठणी पैठणची, इरकल इलकलची, महेश्वरी महेश्वरची. मग नारायणपेठ नारायण पेठेतलीच असणार. आणि भाचा तर तिथंच राहतो.

चहा संपवून तिनं पदर खोचला. "चल, माग दाखव."

मी नारायण पेठेत जन्मलो. इथं मी झेरॉक्सची दुकानं पाहिली आहेत, बाइंडिंगची पाहिली आहेत, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका पाहिल्या आहेत, महिन्याचं कार्ड देणाऱ्या मेस पाहिल्या आहेत. माग पाहिलेला नाही. पण मावशीला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून तिला पत्र्या मारुतीवरून, माती गणपतीवरून, केसरीवाड्यावरून असं फिरवून शेवटी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातल्या गादीवर नेऊन बसवलं. गादीवरच्या गृहस्थांनी साड्या उलगडता उलगडता, मान वर न करता सांगितलं, "ही इथली नसते हो काकू. नारायणपेठ तेलंगणातून येते."

"म्हणजे?"

"तिकडे नारायणपेट नावाचं गाव आहे. तिथले विणकर विणतात."

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू गेली पन्नास वर्षं मी खोट्या पत्त्यावर राहत होतो. मग तिनं गादीवरच्या गृहस्थांना विचारलं, "मग नारायण पेठेत मिळतं तरी काय?"

"पार्किंग सोडून सगळं."

मावशीनं साडी घेतली नाही. मूळ गावाहूनच मागवीन म्हणाली.

संध्याकाळी ही हकीकत वाड्यात पसरली. वाडा आता वाडा राहिलेला नाही. त्याची चार मजली सोसायटी झाली आहे, पण भांडणं तीच असल्यामुळे आम्ही त्याला वाडाच म्हणतो. पहिल्या मजल्यावर तात्या राहतात. तात्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले ते थेट भाषाशास्त्रात. त्यांच्याकडे एक लांबट हिशेबाची वही आहे. तिच्या डाव्या पानावर जगातला शब्द आणि उजव्या पानावर त्याचा मराठी बाप लिहिलेला असतो. जगातल्या सर्व भाषा मराठीतून निघाल्या असं तात्या म्हणत नाहीत; ते अतिशयोक्तीच्या विरुद्ध आहेत. पुष्कळशा निघाल्या, असं म्हणतात.

"तेलंगणात नारायणपेट आहे ना?" तात्या म्हणाले. "मग शब्द इथून तिकडे गेला. शिवाजी महाराजांचा तळ तिथं पडला होता, त्यातले काही विणकर मागं राहिले आणि तिथून ही साडी सुरू झाली, असं तिकडचेच लोक सांगतात. शब्दही तेव्हाच राहिला असणार. सामानाबरोबर."

इथपर्यंत वाड्याचं एकमत होतं. पण आमच्या गच्चीवरच्या खोलीत जत तालुक्यातला एक मुलगा राहतो. राज्यसेवेची तयारी करतो. सांगली जिल्ह्याच्या त्या टोकाला घराघरांत कन्नड बोलतात. हा मुलगा पोटात एक भाषा आणि ओठात दुसरी घेऊनच पुण्यात आला आहे. तो जिन्यात थांबून म्हणाला, "तात्या, आमच्याकडे तर आई रोजच पेटेला जाते."

"रोज पेठेत येते? जतहून?"

"नाही हो. पेटे म्हणजे बाजार. कन्नडमध्ये. भाजी आणायला पेटेला जायचं."

तात्यांनी वही मिटली. ही साधी भाजी नव्हती, हा सीमाप्रश्न होता.

पोराचं बोलणं चुकीचं नव्हतं. कन्नडमध्ये पेटे, तेलुगूत पेट, तमिळमध्ये पेट्टै. बंगळुरात चिकपेट आहे, हैदराबादेत अमीरपेट आणि बेगमपेट आहेत, चेन्नईत सैदापेट आहे. समुद्र ओलांडून कोलंबोला गेलात तर तिथल्या बाजारभागाला पेट्टा म्हणतात. इंग्रज इकडे आले तेव्हा किल्ल्याबाहेरच्या वस्तीला त्यांनी 'पेट्टा' म्हणायला सुरुवात केली, आणि १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तो शब्द रीतसर नोंदलाही गेला. या कोशाचं नावच मुळी मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन'चा गोऱ्या शिपायांनी केलेला चेंदामेंदा आहे. अशा घरात पेठेचा पेट्टा झाला तर तक्रार कुणाकडे करायची?

घोळ इथंच संपत नाही. आपल्या कोकणात, कोल्हापुरात आजही 'पेठेत जाऊन येतो' म्हणजे बाजारात जाऊन येतो. म्हणजे मूळ अर्थ त्यांनी सांभाळला आणि आम्ही पुणेकर तेवढे पेठेत राहूनही 'जरा मंडईत जाऊन येतो' म्हणतो. आणि 'बाजारपेठ' हा शब्द पाहा. बाजार फारशी, पेठ आपली. जोडून अर्थ होतो 'बाजारबाजार'. एकाच मालासाठी दोन पावत्या फाडल्यासारखं झालं. पेठ हा शब्द संस्कृतातून खाली उतरला म्हणणारे आहेत, द्राविडी भाषांतून वर चढला म्हणणारेही आहेत. मी ही गोष्ट तात्यांना सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आपण राहतो ते कन्नड शब्दात?" आणि दोन दिवस जतच्या मुलाला जिन्यात वाट दिली नाही.

या बाबतीत तात्यांना हसू नये. आमच्या पेठेच्या पायाशीच एक अक्षर गाडलेलं आहे. ही पेठ ज्यांच्या नावाची, ते नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे असताना, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारले गेले. राघोबादादांच्या हुकमात 'धरावे' होतं, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, अशी गोष्ट आपण सगळे ऐकत आलो आहोत. इतिहासाच्या कोर्टात ती कितपत टिकेल हा भाग वेगळा. पण 'ध चा मा' भाषेत कायमचा टिकला. ज्या पेठेचा मालकच एका अक्षराच्या फरकानं गेला अशी लोककथा आहे, त्या पेठेतल्या माणसांनी ट आणि ठ यांवरून दोन दिवस अबोला धरला तर त्यात नवल काय? आणि वाड्यात तलवारी घेऊन धावलेले ते गारदीसुद्धा शब्दानं युरोपातल्या 'गार्ड'चेच वंशज. म्हणजे शब्द तेव्हाही हद्द विचारून येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी पवित्रा बदलला. दक्षिणेकडची बाजू जरा कच्ची आहे हे पाहून त्यांनी मोर्चा सातासमुद्रापार वळवला. त्यांची नात हॉलंडमध्ये असते. तिला रात्री फोन करून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पेठ आहे का गं?"

"आहे की, आजोबा. डोक्यावर आहे. बाहेर थंडी आहे."

डच भाषेत 'पेत' म्हणजे टोपी. तात्या त्या रात्री झोपले नाहीत. सकाळी सहा वाजता त्यांनी माझी बेल वाजवली. "म्हैसूरच्या पगडीला काय म्हणतात? पेटा! आपण काय म्हणतो? फेटा! आणि डच काय म्हणतात? पेत! डोक्यावरची वस्तू आणि तीन देश. आता बोल!"

मी ब्रश तोंडात असल्यामुळे बोलू शकलो नाही. त्यामुळे वहीत माझी संमती नोंदली गेली.

मग वही फुगू लागली. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं नुकतंच टूरबरोबर थायलंडला जाऊन आलं होतं. त्यांनी माहिती पुरवली, की तिकडे 'पेत' म्हणजे बदक आणि 'फेत' म्हणजे तिखट. हॉटेलात 'माय फेत' म्हटलं की तिखट कमी घालतात. काकांनी घाईत 'फेत'चं 'पेत' केलं आणि वेटरला वाटलं, यांना बदक नको. त्यांना खरं म्हणजे दोन्ही नको होतं. इंडोनेशियात 'पेता' म्हणजे नकाशा. तात्यांनी लगेच उजव्या पानावर लिहिलं : 'पेठेत घर शोधायला नकाशा लागतो, त्यावरून.' सर्ब-क्रोएशियन भाषेत 'पेत' म्हणजे पाच. 'पाच पेठांचा मूळ समूह असावा,' ही तात्यांची नोंद. रशियनमध्ये 'प्येत्य' म्हणजे गाणं म्हणणं. 'पेठेत गणपतीत गायचे, त्यावरून.'

फ्रेंचचं पान त्यांनी वहिनींना दाखवलं नाही. फ्रेंच लोक 'पेट' असं लिहितात, 'पे' असं म्हणतात, आणि त्याचा अर्थ पोटातून सुटलेला वायू. त्याच शब्दाच्या घरात पुढे फटाक्यासाठी 'पेतार' तयार झाला. हिंदीतला पेट, फ्रेंचमधला पेट आणि त्यापुढे फटाका ही साखळी इतकी शास्त्रशुद्ध होती की तात्यांना स्वतःचीच भीती वाटली.

मावशी हे सगळं ऐकत होती. तिचा प्रश्न एकच : "साडी कुठल्या देशात निघाली?"

सगळ्यात जवळचा शब्द मात्र वाड्याच्या फलकावर लिहिलेला होता. सोसायटीनं लावलेल्या इंग्रजी सूचनेत 'पेट्सना लिफ्टमध्ये आणू नये' असं होतं. कुणीतरी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मग पेठेतल्यांनी जिन्यानं जावं का?' अक्षर तात्यांचं होतं. शिवाय विद्यापीठाच्या पीएचडीच्या प्रवेश परीक्षेला पोरं 'पेट' म्हणतात, पाण्याची बाटली पेट, दवाखान्यातला स्कॅन पेट. गच्चीवरच्या पोराचा रूममेट पेठेत राहून पेट देत होता, पेटची बाटली घेऊन. निकाल लागला तेव्हा वैतागून मराठीत म्हणाला, "डोकं पेटलंय माझं."

मग माझाही थोडा तोल गेला. मी तात्यांच्या वहीची उलटतपासणी करायला बसलो. खरं सांगायचं तर तात्यांना खोटं पाडायचं होतं, निघालं निराळंच.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलंडमध्ये मबाबरम नावाची एक आदिवासी भाषा होती. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं तिच्या शेवटच्या जाणकारांपैकी एकाला कुत्र्याला काय म्हणतात ते विचारलं. उत्तर आलं : 'डॉग'. आधी वाटलं, म्हातारा इंग्रजीत बोलतोय. तसं नव्हतं. त्या भाषेचा जुना शब्द झिजत झिजत हुबेहूब इंग्रजी 'डॉग'वर येऊन थांबला होता. इंग्रजाशी काडीचा संबंध नाही. आपल्या 'बदनाम', 'बदफैली'मधला फारशी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचंही तेच. अर्थ एक, ध्वनी जवळजवळ एक, आणि नात्यानं कुणी कुणाचं नाही.

मी तात्यांना आमच्याच वाड्याचं उदाहरण दिलं. जुन्या वाड्यात तीन जोशी होते. तळमजल्यावरचे, माडीवरचे आणि विहिरीजवळचे. पोस्टमन दर आठवड्याला एकाची मनीऑर्डर दुसऱ्याला देत असे. तिघं एकमेकांचे कुणी नव्हते. एक कोकणातले, एक देशावरचे, एक तर थेट ग्वाल्हेरचे. माणसाच्या तोंडाला येणारे आवाज मोजके, आणि नाव द्यायच्या वस्तू उदंड. त्यात शब्द दोन-तीन आवाजांचा असला की जगाच्या पाठीवर कुठंतरी त्याचा जुळा निघणारच. पुण्यात वार सातच, पण पेठा वाढत गेल्या. वार संपल्यावर नारायण आले, सदाशिव आले, नाना आले. आजची गुरुवार पेठ आधी वेताळ पेठ होती. आपण नावं पुरवून पुरवून वापरतो, भाषाही तेच करतात.

"म्हणजे माझी वही रद्दीत?" तात्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता.

तशी ती रद्दीत जात नव्हती. तात्यांच्या वहीत दोन नोंदी अशा होत्या की ज्यांचं नातं खरं होतं, फक्त उजव्या पानावर बाप चुकीचा लिहिला होता. सर्बियनमधला पाच म्हणजे 'पेत' पेठेचा कुणी नाही, पण 'पाच'चा सख्खा चुलतभाऊ आहे. संस्कृत पञ्च, ग्रीक पेन्ते, रशियन प्यात्य, सगळे एका आजोबांचे. चेहरा पेठेसारखा, रक्त पाचाचं. दुसरी नोंद थायलंडची. बदक आणि तिखट सोडून तिकडे तिसराही एक 'फेत' आहे, त्याचा अर्थ हिरा. तो आपला 'वज्र' आहे. पुस्तकांतून आणि भिक्षूंच्या तोंडून प्रवास करत करत वज्राचा 'फेत' झाला. थायलंडच्या फेतबुरी शहराच्या नावात तो अजून बसलेला आहे. पाटीवर त्याचं स्पेलिंग अजून 'फेच' उरल्यासारखं दिसतं. आपण त्याला रस्त्यात भेटलो तर ओळखणार नाही.

उलट बाजूनं पाहा. आपला पाव आणि जपानी माणसाचा 'पान' हे दोन शब्द सारखे दिसतही नाहीत. पण दोघंही एकाच पोर्तुगीज भट्टीतून निघाले. पोर्तुगीजांनी पाव गोव्यात उतरवला, तसा जपानातही उतरवला. तेव्हा जे सारखे दिसतात ते बहुतेक परके, आणि जे नातेवाईक असतात ते बहुतेक सारखे दिसत नाहीत. लग्नाच्या मांडवात रोज पटणारी गोष्ट आहे ही; भाषेत पटायला वेळ लागतो.

तात्यांनी चष्मा काढला, वही उघडली, 'पेत (पाच)' समोरचं 'पेठ' खोडून 'पाच' लिहिलं. फेतसमोर 'वज्र' लिहिलं. मग थोडा विचार करून टोपीच्या नोंदीपाशी आले.

"डचची टोपी?"

"तिचं आणि म्हैसूरच्या पेट्याचं काही नाही, तात्या."

"बघ परत."

"बघितलं."

"राहू दे तशीच," तात्या म्हणाले. "नातीनं दिलेली आहे."

परगावच्या माणसाला आमच्या भागात फिरवताना आता मला एक नवीन सवय लागली आहे. मोदी गणपती दिसला की लोक थबकतात, नावाकडे बघतात आणि काहीतरी राजकीय बोलायला तोंड उघडतात. त्याआधीच मी सांगून टाकतो, की हे नाव पेशवाईच्या उतरत्या काळातले पारशी गृहस्थ खुश्रू मोदी यांच्या बागेवरून आलंय. गणपती हिंदू, बाग पारशी, आणि बोलणाऱ्याच्या मनात तिसरंच कुणी. आडनाव एक, म्हणजे माणूस एक नव्हे, हे पुण्यात गणपतीलाही समजावून सांगावं लागतं.

मावशी परत जायच्या आदल्या दिवशी जतच्या पोरानं तिचं काम करून दिलं. त्यानं मोबाईलवर थेट नारायणपेटच्या एका विणकराचं दुकान शोधलं. २०१९च्या फेब्रुवारीत नारायणपेट स्वतंत्र जिल्हा झाला, पूर्वी तो भाग निजामाच्या राज्यात होता, कर्नाटकची हद्द अगदी शेजारी, असं सगळं त्यानं स्पर्धा परीक्षेच्या वेगानं सांगितलं. दुकानदाराशी तो कन्नडमध्ये बोलला, दुकानदार तेलुगूत उत्तर देत होता, मावशी मध्येच वऱ्हाडीत काठ किती रुंद ते विचारत होती, आणि कुणाचंही काही अडलं नाही. एक मोरपंखी, एक वांगी. पत्ता आमचा. मावशीनं आमच्याकडचा मुक्काम दोन दिवसांनी वाढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर संदेश आला. मोठ्या अक्षरांत होतं : 'तुमचं पार्सल नारायणपेट येथे आहे.'

तात्यांनी तो मावशीच्या खांद्यावरून वाचला आणि काही न बोलता चप्पल घालून खाली उतरले. अर्ध्या तासानं मी गॅलरीतून पाहिलं, तर ते फाटकाशी उभे होते. तासाभरानंही तिथंच. ऊन तापलं होतं, म्हणून मी छत्री घेऊन खाली गेलो.

"तात्या, वर चला. पार्सल अजून निघालेलंच नाही. ते त्या नारायणपेटला आहे, तेलंगणातल्या. ट वाल्या."

तात्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. कुरिअरवाल्याची गाडी दिसली की ते एक पाऊल पुढे टाकत होते.

"संदेशात काय आहे? पार्सल नारायण पेठेत आलं. नारायण पेठेत मी उभा आहे," ते म्हणाले. "चुकलं असेल तर पार्सल चुकलंय."